चोर्ला उतरला की स्टेअरिंग थरथरालंय, कुणाचं ऐकू?

प्रश्न : नमस्कार काका, मी टिळकवाडीत राहतो, वय 26, उद्यमबागेत कामाला आहे. गेल्या वर्षी पुण्याहून सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली, ऑटोमॅटिकवाली. एमएच 12 ची केए 22 पासिंग करताना किती चपला झिजल्या ते जाऊदे, गाडी मात्र भारी पळत्या. 64000 किलोमीटर झालेत. प्रॉब्लेम असा की गोव्याला चोर्ल्यावरनं उतरताना निम्म्या घाटात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरालंय, आणि खाली केरीत चहाला थांबेपर्यंत चाकातनं करपल्यासारखा वास. हायवेला 80-90 ला दाबलं तरी थोडं जाणवतंय, गावात काही नाही. एक ग्यारेजवाला म्हणाला डिस्क वाकड्या झाल्यात, चारी चाकांच्या डिस्क आणि पॅड बदलूया. मित्र म्हणतोय बदलालायसच तर भोकांच्या डिस्क घाल, ऑनलाइन मिळतात, वर लाल कॅलिपर कव्हर फुकट. मामा फौंड्रीत आहेत, ते म्हणतात डिस्क म्हणजे शेवटी बीडच की रे, लेथवर मारून देतो, पैसे कशाला घालवतोस. कुणाचं ऐकू सांगा की ओ.
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आधी एक काम कर. गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बस आणि अलॉयच्या फटीतनं आत बघ. काय दिसतंय? ड्रम, म्हणजे डब्यासारखा बंद ब्रेक. तुझ्या जीटी टीएसआयला मागे डिस्क नाहीतच, त्या पोलोच्याच जीटीआय मॉडेलला होत्या. त्यामुळे चारी चाकांच्या डिस्क बदलूया म्हणणाऱ्याने एकतर गाडी नीट बघितलेली नाही किंवा तू बघणार नाहीस असं धरलंय, दोन्ही केसमध्ये त्याच्याकडे चावी द्यायची घाई नको.

आता ‘वाकडी’ डिस्क. हा शब्द इतका चालतो की मीसुद्धा वापरतो, पण खरं म्हणजे डिस्क ताटासारखी वाकत नाही, बहुतेक वेळा होतं काय तर तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी एक-दोन शतांश मिलिमीटर फरक पडला तरी पुरे, प्रत्येक फेऱ्याला पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारी घर्षणाची पट्टी, त्या उंचवट्यावर चढतो, उतरतो आणि ते तुझ्या हातात येतं. हा उंचवटा कसा येतो ते तुझ्याच पत्रात आहे बघ. घाट उतरून डिस्क भाजून निघाली, तू केरीत थांबलास, गाडी ऑटोमॅटिक म्हणून डी मध्येच ठेवून पाय ब्रेकवर दाबून धरला असणारस, मित्र चहा सांगून येईपर्यंत. त्या वेळात तापलेला पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून बसतो आणि त्याचा थर तिथं उमटतो. थांबल्यावर पी मध्ये टाक, हँडब्रेक ओढ आणि पाय काढ. हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, पुढचे पॅड मोकळे राहतात.

मामांचं निम्मं बरोबर आहे. डिस्क म्हणजे बीडच, करडं बीड, त्यातल्या ग्राफाइटमुळे उष्णताही झटकन पसरते आणि थरथरही मुरते, म्हणून तर इतकी वर्षं तेच वापरतात. उद्यमबागेत ज्यांनी बिडाचं काम केलंय त्यांना हे मी सांगायची गरज नाही. पण मामांना म्हणावं आधी जाडी मोजा, आणि व्हर्नियरने नको. डिस्कच्या कडेला गंजाची, न झिजलेली कड राहते, व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर बसतात आणि माप जास्त दाखवतं. मायक्रोमीटर घ्या, कडेच्या आत साधारण एक सेंटिमीटर, सात-आठ ठिकाणी मोजा. डिस्कवरच कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, गंज खरवडून वाचायला लागतो, नवी 22 मिलिमीटरची असेल तर तो साधारण 19 असतो. तुझी 21 च्या आसपास भरली तर दोन्ही बाजूंनी सारखा हलका कट मारायला हरकत नाही. पण 20 च्या खाली गेली असेल तर सरळ नवीन जोड घे, कारण पातळ डिस्क लवकर तापते आणि तू नेमका घाटातला गिऱ्हाईक. एकच डिस्क बदलायची नाही, पुढची जोडीच.

कट मारा किंवा नवीन घाला, डिस्क चाकामागच्या ज्या फिरत्या हबवर बसते तो वायर ब्रशने घासून चकचकीत केला नाही तर सगळं पाण्यात. तिथं गंजाची एक खपली राहिली की नवी कोरी डिस्कही डुगडुगते आणि चार-पाच हजार किलोमीटरनं तू मला परत पत्र लिहिणार. बसवल्यावर डायल गेज लावून फिरवून बघा, डुगडुग 5 शतांश मिलिमीटरच्या आत असली पाहिजे. चाकाचे बोल्ट हवेच्या गनने ठोकू द्यायचे नाहीत, टॉर्क रेंचने, 120 न्यूटन मीटर.

भोकांच्या डिस्कबद्दल काय सांगू. दिसायला भारी, रिममधनं चमकतात. पण पुढची डिस्क मुळातच दोन पत्र्यांच्या मधे हवा खेळेल अशी असते, भोकं पाडून थंडावा काही दुप्पट होत नाही, उलट तेवढं बीड कमी झालं म्हणजे उष्णता साठवायला जागा कमी. आणि स्वस्तातल्या डिस्कला तडे त्या भोकांपासनंच सुरू होतात. रेषा पाडलेल्या त्यामानाने बऱ्या, पण आवाज करतात आणि पॅड खातात. साध्या, चांगल्या कंपनीच्या, चासी नंबर देऊन पार्ट नंबर जुळवून घे. लाल कव्हर तर कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला, स्वेटर घातल्यासारखं, फुकट दिलं तरी नको.

पॅडवर मात्र डोकं लाव, फरक तिथं पडतो. पॅडच्या कडेला बऱ्याचदा लांबलचक कोड असतो, त्यातली शेवटची दोन इंग्रजी अक्षरं बघ. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्याही वर. घाट करणाऱ्याला एफएफ तरी हवं. एफई असलं म्हणजे वर कणकुंबीत छान वाटणार आणि खाली निम्म्या घाटात पकड ढिली. काही पॅडवर हा कोड नसतो, आर 90 चा शिक्का असतो. तो युरोपातला नियम, पॅडची पकड मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आतबाहेर असावी लागते, तेही चालेल. बॉश, ब्रेम्बो, टीआरडब्ल्यू, एटीई यातलं जे ओरिजिनल बिलासकट मिळेल ते घे. रेसिंगचे पॅड घेऊ नकोस, ते तापल्याशिवाय धरतच नाहीत आणि तिसऱ्या रेल्वे गेटपाशी म्हैस आडवी आली तर तापवायला वेळ कोण देणार.

आणि जे कुणीच तुला सांगितलं नाही ते, ब्रेक ऑइल. शेवटचं कधी बदललं? सेकंडहँड गाडी, म्हणजे माहीत नाही असंच धर. डॉट 4 ऑइल कोरं असताना 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरलं की हा आकडा 155 पर्यंत येऊ शकतो. आपल्याकडचे पावसाळे बघता दर दोन वर्षांनी बदलायचंच. घाटात पेडल स्पंजसारखं मऊ झालं तर ऑइल उकळालंय, पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही तर पॅडनं हात टेकलेत. फरक लक्षात ठेव.

एक हिशेब करून बघितला मी. चोर्ल्याच्या माथ्यावरनं केरीपर्यंत जवळजवळ 700 मीटर उतार धरला तर उतरताना जी ऊर्जा कुठंतरी घालवायला लागते ती गाडी 100 च्या स्पीडवरनं 17-18 वेळा थांबवण्याइतकी आहे. थोडी वारा खाईल, बाकी एकतर इंजिन खाणार नाहीतर तुझ्या पुढच्या दोन डिस्क. डी मध्ये तुझा गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला पटापट वरचे गिअर टाकतो, इंजिन काही धरतच नाही. घाट सुरू व्हायच्या आधी लिव्हर मॅन्युअलला घे आणि वळणांना दुसरा-तिसरा धरून ठेव, ब्रेक दाबून धरायचा नाही, जरा जोरात मारायचा आणि सोडायचा. वास निम्मा इथंच जाईल.

नवीन पॅड घातलेस की पहाटे जांबोटी रोडला जा, मागे कुणी नाही बघून 60 वरनं 15-20 पर्यंत आठ-दहा वेळा उतरव, पूर्ण थांबायचं नाही, मग ब्रेक न लावता पाच-सात किलोमीटर फिरवून थंड कर. आणि त्याच दिवशी गोवा नको, काय?

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी गाडी काढली की ब्रेकमधून करकर आवाज येतो, दोन-तीन ब्रेकनंतर बंद. पॅड संपले का?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : नाही हो. रात्रभरात डिस्कवर गंज धरतो, पॅड तो पुसतात, तेवढाच आवाज. दुपारीही येत असेल तर दाखवा.

प्रश्न : पुढच्या डाव्या चाकाचा आतला पॅड पूर्ण संपला, बाहेरचा निम्मा शिल्लक आहे. पॅड खराब निघाला म्हणायचं का? ऊस सीझनला रोज शेतातल्या रस्त्याने जाणंयेणं असतं.
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : पॅडला दोष देऊ नका. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक तरी धरलीय, रबराचं बूट फाटून चिखल आत गेलाय बघा. पिना काढून साफ करायच्या, ब्रेकसाठी मिळतं ते सिलिकॉन ग्रीस लावायचं, ग्यारेजमधल्या डब्यातलं पिवळं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं आणि पिन परत धरते. बूट फाटलं असेल तर तेही नवीन. पॅड 3 मिलिमीटरवर आले की बदलायचे, तुमचा आतला तर लोखंडावर आला असणार, तेव्हा डिस्कवर चरे पडलेत का ते बोट फिरवून बघा, गाडी थंड असताना. आणि उजवीकडचं चाकही उघडायला सांगा, चिखल काय एकाच बाजूला उडत नाही.