दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची मजा : गाडीविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, ऑफिस हिंजवडीला. आठवडाभर ट्रॅफिक आणि एखाद्या रविवारी पहाटे ताम्हिणी, असा आपला कार्यक्रम. मुलगी चार वर्षांची आहे. बजेट साधारण नऊ लाख, त्यामुळे सेकंडहँडच बघतोय. फोक्सवॅगन पोलो टीएसआय, ह्युंदाई आय20 एन लाइन आणि टाटा अल्ट्रोझ रेसर या तिघींत दोन महिने अडकलोय. बायको म्हणते कुठलीही घे, पण एकदाचं ठरव.

वहिनींचं बरोबर आहे, पण तुमचंही समजू शकतो कारण कागदावर या तिघींत निवडायला काही नाहीच. एन लाइन 120 पीएस (इंजिनची ताकद) आणि 172 न्यूटन मीटर (ओढ, म्हणजे टॉर्क), रेसर 120 पीएस आणि 170 न्यूटन मीटर, पोलोचं शेवटचं 1.0 टीएसआय इंजिन 110 पीएस आणि 175 न्यूटन मीटर. तिघींना तीन सिलिंडर, तिघींना टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा). आकडे बघून ठरवायला गेलात तर अजून दोन महिने जातील.

म्हणून आकडे बाजूला ठेवा आणि तुम्ही रोज गाडी चालवता कुठे ते बघा. चांदणी चौक ते वाकड या रस्त्यावर तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असणार, आणि ताम्हिणीत दुसऱ्या-तिसऱ्यात. तिथे 60 च्या पुढे जायची गरजही नसते, आणि रविवारी पिकनिकवाले रस्त्यात उभे राहून सेल्फी काढत असतात तेव्हा तर अजिबातच जाऊ नये. म्हणजे तुमची सगळी मजा 20 ते 60 या पट्ट्यातली आहे. तिथे गाडी कशी वागते, क्लच किती जड आहे, पाय दाबल्यावर इंजिन लगेच उत्तर देतं की आधी विचार करतं, स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं नेमकी कुठे आहेत ते हाताला कळतं का, एवढंच बघायचं. छोट्या टर्बो इंजिनाची गोची अशी की खालच्या आरपीएमला ते जरा झोपलेलं असतं, टर्बो भरला की एकदम जागं होतं, आणि ट्रॅफिकमध्ये तुम्ही नेमके त्या झोपेच्या भागातच असता. टेस्ट ड्राइव्हला सेल्समन किंवा मालक तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेईल, तुम्ही गाडी मुद्दाम संध्याकाळी सहाला मागा.

आता माझं मत. पोलो चालवायला आजही गोड आहे. घट्ट, नीट बांधलेली, खराब रस्त्यावरही खडखड न करणारी. टीएसआय घ्यायची तर 2020 नंतरची 1.0 वाली बघा, त्यात सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो आणि ऑटोमॅटिक हवा असेल तर साधा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आहे. आधीच्या 1.2 जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) शिफ्ट फार सुंदर करतो, पण त्यात ड्राय (तेलात न बुडवलेले) क्लच आहेत आणि रोज तासभर इंच-इंच सरकणाऱ्या माणसाने वॉरंटी संपलेला ड्राय क्लच डीएसजी घेऊ नये, त्याच्या दुरुस्तीचं बिल बघून घरात शांतता राहत नाही. शिवाय पोलोची मागची सीट चिंचोळी आहे, एअरबॅग दोनच, आणि गाडी 2022 ला बंद झालेली. तुम्ही एकटे असता तर डोळे मिटून पोलो म्हटलं असतं.

रेसरची ताकद म्हणजे जागा. मागे तिघं बसतात, दारं 90 अंशात उघडतात (झोपलेल्या मुलीला उचलून काढताना हे किती कामाचं ते तुम्हाला सांगायला नको), डिकी 345 लिटरची, सहा एअरबॅग. अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टचे पाच स्टारही 2020 ला मिळालेत. सस्पेन्शन छान आहे, पण गिअर टाकताना मला ती मजा येत नाही, आणि इंजिनचा आवाज थोडा खरखरीत वाटतो.

एन लाइन दोघींच्या मधली. नेहमीच्या आय20 पेक्षा सस्पेन्शन टणक, स्टिअरिंग जड, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि एक्झॉस्टचा आवाज असा की सोसायटीतले लोक तक्रार करत नाहीत पण तुम्हाला मात्र ऐकू येतो. फक्त 2023 च्या सप्टेंबरआधीची घेऊ नका, कारण तिच्यात क्लच पेडल नसलेला आयएमटी यायचा, म्हणजे गिअर आपण टाकायचा आणि क्लच गाडी दाबणार, ज्याला चालवायची हौस आहे त्याला हे अर्धवट वाटतं. त्यानंतरच्या फेसलिफ्टमध्ये (त्याच गाडीचं सुधारलेलं रूप) खरा सहा गिअरचा मॅन्युअल आला आणि सहा एअरबॅगही. ती शोधा. बजेटमध्ये बसली नाही तर रेसर, पण पोलोच्या मागे आता लागू नका.

(जाता जाता : पोलो चाकणची, अल्ट्रोझ पिंपरीची, आणि मी सुचवतोय चेन्नईजवळची गाडी. पुणेकरांनी माफ करावं.)

प्रश्न : नमस्कार, मी मूळचा सांगलीचा, सध्या कॅलिफोर्नियात बे एरियात. दोघंच आहोत. रोज 280 फ्रीवेवरून ऑफिस, शनिवारी हायवे 9 आणि स्कायलाइन हे वळणांचे रस्ते. माझदा मियाटा की टोयोटा जीआर86? किंमत जवळजवळ सारखीच पडतेय. उंची सहा फूट.

इथले वाचक जळणार आहेत हे वाचून, पण असो.

दोन्ही पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, मॅन्युअल गिअर, टर्बो नाही. अशा नव्या गाड्या परवडणाऱ्या किमतीत जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात आणि त्यातल्या दोन तुमच्या समोर आहेत. मियाटा 1989 पासून चालू आहे, आताची चौथी पिढी 2015 ची, 2.0 लिटर इंजिन 2019 पासून 181 हॉर्सपॉवरचं झालं आणि 7500 आरपीएमपर्यंत फिरतं, वजन साधारण 1060 किलो. जीआर86 टोयोटाच्या नावाने विकतात पण बनते सुबारूच्या कारखान्यात, इंजिनही सुबारूचं 2.4 लिटर बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर), 228 हॉर्सपॉवर, वजन मात्र जवळपास 200 किलो जास्त.

हायवे 9 वर मियाटा जिंकते, आणि ती वेगाने जाते म्हणून नाही. टप खाली केलं, रेडवूडच्या सावलीत 35 मैलांनी चाललात तरी काहीतरी घडतंय असं वाटतं, गिअर मनगटाच्या झटक्यात पडतो आणि गाडी वळणावर थोडी कलते ती मुद्दामच, तुम्हाला कळावं म्हणून. जीआर86 जास्त घट्ट आणि जास्त वेगवान आहे, पण तिची मजा यायला थोडं जोरात चालवावं लागतं, आणि सार्वजनिक रस्त्यावर तेवढं जोरात किती वेळा चालवणार.

पण 280 वर उलटं. मियाटात कापडी टपाखाली 70 मैलांवर आवाज भरपूर, ग्लोव्ह बॉक्सच नाही, कपहोल्डर कोपराच्या मागे, डिकी 130 लिटरची म्हणजे इंडियन स्टोअरमधून वीस पौंडांची तांदळाची पिशवी आणि भाजी घेतली की संपलं. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले तर विमानतळावर दुसरी गाडी न्यावी लागणार. जीआर86 च्या मागच्या सीटवर माणूस बसत नाही, पण बॅगा बसतात, आणि ती सीट पाडली की सामान मुबलक. पेट्रोल मात्र जीआर86 जास्त पिते आणि प्रीमियमच मागते.

आता उंची. सहा फुटाचा माणूस मियाटात बसतो की नाही हे पाय लांब आहेत की धड लांब आहे यावर आहे, त्यामुळे आधी जाऊन बसा, टप लावून बसा. डोकं टेकलं तर प्रश्न तिथेच संपला, जीआर86 घ्या. टेकलं नाही आणि घरात दुसरी गाडी असेल तर मियाटा. एकच गाडी असेल तर जीआर86. जुनी बघणार असाल तर 2016 ते 2018 च्या मियाटांच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी होत्या, 2019 पासूनची घ्या, ते इंजिनही जास्त चांगलं आहे. आणि आधीच्या पिढीची जुनी 86 स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नका, तिचा मधल्या आरपीएमला दम जातो आणि रोजच्या चालवण्यात नेमका तोच भाग लागतो.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगला आहे, कोल्हापूर. सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट आपल्याकडे का आली नाही? कंपन्यांना आपण मूर्ख वाटतो का?

मूर्ख नाही रे, कर. 2006 च्या बजेटमध्ये छोट्या गाडीची व्याख्या झाली, चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, तर कर कमी. तेव्हापासून आपल्या बहुतेक सगळ्या हॅचबॅक त्या चौकटीत बसवून बनतात. सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला त्यातही हीच रेष राहिली, आतल्या गाडीला 18 टक्के आणि बाहेरच्या गाडीला 40. तुझी स्विफ्ट स्पोर्ट (2017 ची) 140 पीएस, वजन टनाच्याही आत, ऐकूनच जीव जातो, पण इंजिन 1.4 लिटरचं. म्हणजे इथे ती साध्या स्विफ्टपेक्षा किती महाग पडली असती याचा हिशोब तूच कर, आणि त्या पैशात लोक एसयूव्ही घेतात. पूर्ण तयार आयात केली तर त्यावर कस्टम ड्यूटी. 2025 ला गोल्फ जीटीआय तशी आली, किंमत 53 लाख. म्हणून आपल्या वाट्याला 1.0 आणि 1.2 लिटरचे टर्बो आले. वाईट नाहीत ते. तोपर्यंत घरची जी गाडी असेल ती गगनबावड्याला नीट चालवायला शीक, गिअर उतरवताना झटका न बसू देणं एवढं जमलं तरी पुष्कळ.

प्रश्न : नाशिकला फियाटची एक अबार्थ पुंटो मिळतेय, 2016 ची. घेऊ का?

दुसरी गाडी म्हणून घ्या, एकमेव गाडी म्हणून नको. रांजणगावला बनलेली, 1.4 टी-जेट, 145 हॉर्सपॉवर, चारही डिस्क, आणि 2015 ला दहा लाखांच्या आत आली होती. कराच्या रेषेबाहेरचं इंजिन घालूनही त्या किमतीत! तेव्हा लोकांनी घेतली नाही आणि आता सगळे हळहळतायत. स्टिअरिंग अजूनही पहिल्या प्रश्नातल्या तिघींपेक्षा भारी. बसायची पद्धत विचित्र, क्लच जड, आणि फियाट इथून गेलेली. सस्पेन्शनचे बरेचसे पार्ट साध्या पुंटोचे चालतात आणि टी-जेट इंजिन लिनियातही होतं त्यामुळे अगदीच अनाथ नाही, पण बॉडी पॅनल आणि दिवे शोधायला वेळ लागतो. घेण्याआधी फियाट उघडलेला मेकॅनिक शहरात आहे का ते बघा. असेल तर त्याच्याकडेच गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्या, कोणी रीमॅप केली होती का (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं होतं का) तेही विचारा, आणि थंड इंजिन स्वतःसमोर चालू करायला लावा.

प्रश्न : स्विफ्टला मोठा एक्झॉस्ट आणि रीमॅप करायचाय, साधारण चाळीस हजार खर्च. ठाणे.

एक्झॉस्ट नको, पोलीस पकडतात आणि शेजारी शिव्या देतात. कंपनीने दिल्यापेक्षा वेगळं काही बसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्येही अडकतं. टर्बो नसलेल्या इंजिनाला रीमॅप करून फरक पडतो तो मुख्यतः बोलण्यात. त्या पैशात चार चांगले टायर, नवे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंट, आणि तरी घोडबंदर रोडवर मिसळ खायला पैसे उरतील.