बिनपगारी रजेवर असताना क्लासमध्ये शिकवावं का?

प्रश्न : माझी मुलगी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनीअर आहे. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी कंपनीने तिला जुलैपासून वर्षभराची बिनपगारी रजा दिली आहे. कॉलेज रोडवरचा एक क्लास तिला रोज तीन तास फिजिक्स शिकवायला बोलावतोय, महिना १८ हजार. कंपनी पगार देत नाही, मग तिची हरकत कशाला असेल?
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : पगार थांबलाय, नोकरी नाही. मुलगी अजून कंपनीची कर्मचारी आहे, तेव्हा नियुक्तीपत्रातल्या अटी रजेतही लागू राहतात. ते पत्र आणि रजा मंजुरीचं पत्र, दोन्ही काढून नीट वाचा. लेखी परवानगीशिवाय दुसरं काम करायचं नाही, अशी अट बहुतेक नियुक्तीपत्रांत असते. शिवाय रजा अभ्यासासाठी घेतली आणि दुसरीकडे कमाई केली, हा आक्षेप वेगळाच.

म्हणून शिकवायला सुरुवात करण्याआधी तिने एचआरला मेल करावा आणि साहेबांना सीसीत ठेवावं. मेलमध्ये विषय, रोजचे तास, कधीपासून कधीपर्यंत आणि कंपनीच्या कामाशी किंवा ग्राहकांशी संबंध नाही, एवढं स्पष्ट हवं. 'करा हो, काही होत नाही' हे फोनवरचं उत्तर उपयोगाचं नाही. साहेब बदलले की ते कुणाला आठवत नाही. उत्तरच आलं नाही, तर ती परवानगी समजू नये.

'रोखीने घ्या, कुणाला कळतंय' असं सांगणारे भेटतील. पण ॲडमिशनच्या दिवसांत क्लासच्या फ्लेक्सवर शिक्षकांचे फोटो झळकतात, आणि नाशिक एवढं मोठं नाही. क्लासने तिला पगारी दाखवून पीएफ भरला, तर त्याच यूएएनवर, म्हणजे तिच्या पीएफच्या कायम क्रमांकावर, दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर येतात. पुढच्या नोकरीच्या पडताळणीत नेमकं तेच विचारलं जातं.

परवानगी मिळाली तर मानधन व्यावसायिक फी म्हणून, बँकेतूनच घ्यावं. वर्षाला ५० हजारांवर फी गेली की क्लास साधारण १० टक्के टीडीएस कापेल. एकूण कर तेवढा बसत नसेल, तर रिटर्न भरून परतावा मिळतो. मात्र अशा फीसाठी आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. गेट फेब्रुवारीत असते. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, फेब्रुवारीत बारावी बोर्ड. म्हणजे क्लासला जादा तासिका हव्या असतात त्याच दिवसांत तिची उजळणी. तीन तासांच्या तासिकेला तयारी आणि जाणं-येणं धरून पाच तास सहज जातात. त्यामुळे नोव्हेंबरअखेरपर्यंतच, आठवड्यातून तीन दिवस, असं क्लासशी आधीच लेखी ठरवावं. क्लास तयार नसेल तर हे काम सोडून द्यावं.

कंपनीने नकार दिला तर थांबणंच बरं. कायम नोकरीपुढे पाच महिन्यांचं मानधन फार नाही. त्याच मेलमध्ये आणखी एक विचारून घ्या : बिनपगारी रजेत कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम चालू राहतो का, आणि हप्ता कोण भरतं?