करिअर मार्गदर्शन : स्केचबुकसाठी विषय कुठून आणायचे?

प्रश्न : मी मुंबईत टेक्स्टाइल डिझाइनच्या दुसऱ्या वर्षात शिकते. मूळची सोलापूरची. माझे वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर आहेत. या सत्रासाठी आम्हाला शंभर पानांचे स्केचबुक भरून द्यायचे आहे. माझी चाळीस पाने झाली, परंतु त्यातील बहुतेक चित्रे मी मोबाइलवरील छायाचित्रे पाहून काढली होती. काही पानांवर वारली आकृत्याही आहेत. ती पाहून मॅडम म्हणाल्या, ‘‘यात तू कुठेच दिसत नाहीस.’’ वर्गातील काही मुली सुट्टीत राजस्थान, कच्छ असा प्रवास करून येतात. मला दिवाळीत तीन आठवडे सोलापूरला घरीच राहायचे आहे आणि तिथे काढण्यासारखे काही सुचत नाही. माझा हातही फारसा चांगला नाही. प्रेरणा मिळवायची कशी? मी चुकीच्या क्षेत्रात तर आले नाही ना? आणि नोकरीच्या वेळी हे स्केचबुक खरोखर कुणी पाहते का?

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ‘तिथे काढण्यासारखे काही सुचत नाही’ असे तू ज्या गावाबद्दल लिहिले आहेस, त्या गावात घराघरांतून माग चालत आले आहेत, आणि तुझे वडील त्याच मागांची दुरुस्ती करतात. तू चुकीच्या क्षेत्रात आली आहेस की नाही, हे एका सत्राच्या वहीवरून कुणीही ठरवू नये. मीही ठरवणार नाही. वही अडली आहे ती कशामुळे, एवढेच आपण पाहू.

माझ्या मते मोबाइलवरून चित्र काढण्यात अडचण नकलेची नाही. नक्कल हा शिकण्याचा जुना आणि मान्य मार्ग आहे. १८७२ पासून पुढे अनेक हंगाम जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये मुक्काम करत आणि भिंतींवरील व छतांवरील चित्रांच्या प्रतिकृती करून घेत. ते सारे काम नकलेचेच होते. फरक असा की, भिंतीसमोर बसलेल्या विद्यार्थ्याला रंग उडालेला भाग कसा दाखवायचा, काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे स्वतः ठरवावे लागत होते. छायाचित्रात हे निर्णय दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेले असतात. चौकट ठरलेली असते, उजेड ठरलेला असतो, आणि मोबाइलवर लोकप्रिय झालेले चित्र असेल तर आवडनिवडही ठरलेली असते. तुझ्या हाती फक्त रेघ गिरवणे उरते. मॅडमना तू दिसली नाहीस ती त्यामुळे.

वारली आकृत्यांबद्दल एक वेगळी सूचना करते. ही चित्रे एका समाजाच्या विधींमधून, लग्नाच्या वेळी भिंतीवर काढल्या जाणाऱ्या ‘चौका’तून आलेली आहेत आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. त्या आकृत्या वहीत ‘अभ्यास’ असे लिहून जरूर काढ. परंतु स्वतःची नक्षी म्हणून उद्या चादरीवर वा पडद्यावर टाकू नकोस. ‘ही नक्षी मूळची कुणाची?’ हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतीतही आता विचारला जातो आणि त्याचे उत्तर आपल्याकडे असावे लागते.

आता सोलापूरकडे येऊ. आपल्याकडच्या वस्त्रांवरील काठ आणि पदर यांची नावे एकदा सावकाश उच्चारून पाहा. विदर्भातील कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीचा काठ ‘करवतकाठी’ म्हणून ओळखला जातो, कारण त्याचे दाते सुताराच्या करवतीसारखे असतात. पैठणीला ‘नारळी’ काठ असतो. ‘रुईफुली’ काठातले फूल गावाबाहेरच्या रुईच्या झुडपाचे आहे. इरकल साडीच्या पदरावर विणकरांनी फणीचे दात, किल्ल्याच्या तटाचे कंगोरे, ज्वारीचे कणीस आणि डोंगरांची रांग असे आकार आणले. ‘इरकल’ हे नाव ज्यावरून पडले ते कर्नाटकातील इलकल गाव तुझ्या सोलापूरपासून फार दूरही नाही. ही माणसे प्रेरणेच्या शोधात कुठे गेली नव्हती. दारात जे होते, शेतात जे होते, हातात जी फणी होती, तिचेच त्यांनी काठ केले. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस याने १८८३ मध्ये केलेली आणि आजही छापली जाणारी एक प्रसिद्ध नक्षी त्याच्या बागेतील स्ट्रॉबेरी चोरून खाणाऱ्या पक्ष्यांवरून सुचलेली आहे. कच्छला जाणाऱ्या तुझ्या मैत्रिणींचा मला हेवा वाटतो, हे खरे आहे; परंतु चार दिवसांच्या प्रवासात माणूस बहुधा तेच काढून आणतो, जे आधीच्या प्रवाशांनी काढलेले असते.

म्हणून दिवाळीच्या तीन आठवड्यांसाठी साठ विषय शोधू नकोस. दोन किंवा तीन विषय घे आणि प्रत्येकावर वीस-वीस पाने काढ. पहिली चार-पाच पाने सोपी जातील, कारण ती तू आठवणीतून काढशील. सहाव्या-सातव्या पानाशी कंटाळा येईल. तिथे वही बंद करायची नाही, कारण आठवणीतला साठा संपल्यावरच माणूस समोरची वस्तू पाहू लागतो. हे मी अनुभवाने सांगते. मार्गदर्शनाच्या कामात येण्यापूर्वी मी काही वर्षे एका गिरणीच्या डिझाइन विभागात होते. तिथे पहिल्याच महिन्यात मी शेवंतीची एक नक्षी करून दाखवली, तेव्हा आमच्या ज्येष्ठ डिझायनरांनी तिचे पान देठाला कसे लागते एवढेच विचारले आणि मला सांगता आले नाही. त्यांनी मला आठ दिवस सकाळी दादरच्या फुलबाजारात पाठवले. मला त्या वेळी फार राग आला होता. तिसऱ्या दिवसापासून मी फुले सोडून फुलांच्या पाट्या, पाणी मारलेली पोती आणि सुतळीच्या गाठी काढू लागले, आणि पुढे छापली गेलेली माझी पहिली नक्षी त्या गाठींचीच होती.

तुझ्यासाठी पहिला विषय मी सुचवते : ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी तुमच्या जिल्ह्याची ओळख आहे. दिवाळीत रब्बीचे पीक लहान असते, शेतात कणीस मिळणार नाही. परंतु कोवळ्या रोपांच्या ओळी मिळतील, काळ्या जमिनीच्या भेगा मिळतील, आणि घरात धान्य, पीठ व कडक भाकरी असेलच. एक कडक भाकरी ताटात ठेवून तिच्याकडे डिझायनरच्या नजरेने पाहा. कडेला तडे गेलेले असतात, मध्ये फुगून बसलेले पापुद्रे असतात, तव्याचे डाग कुठे दाट तर कुठे विरळ पडलेले असतात. आधी कागदाकडे न पाहता, नजर फक्त भाकरीच्या कडेवरून फिरवत एकाच रेघेत ती काढ. चित्र वेडेवाकडे येईल, परंतु रेघ खरी येईल. नंतर फक्त डागांमधली मोकळी जागा काढ. मग एका जुन्या पोस्टकार्डाला दोन इंचांची चौकोनी खिडकी काप आणि ती भाकरीवर सरकवत, सर्वांत बोलका वाटणारा तुकडा पानभर मोठा करून काढ. एवढ्या वेळात ती भाकरी राहत नाही, पृष्ठभाग होते, आणि कापडाला पृष्ठभागच हवा असतो.

रंगासाठी रंगपेटी उघडण्याआधी आणखी एक गोष्ट कर. वडिलांना सांगून कारखान्यातील उरलेल्या सुताच्या कांड्या आण. पुठ्ठ्याची दोन इंच रुंद पट्टी घेऊन तिच्यावर समोरच्या वस्तूतील रंगांचे सूत शेजारी शेजारी गुंडाळ. मात्र वस्तूत जो रंग जेवढा आहे, त्याच प्रमाणात. भाकरीत पांढुरका राखाडी रंग बराच असतो, तपकिरी थोडा आणि काळा अगदी नावापुरता. शिकाऊ विद्यार्थी बहुधा या तिन्हींच्या सारख्या पट्ट्या काढतात आणि मग कापड बेचव का दिसते ते त्यांना कळत नाही. ही सुताची पट्टी वहीत डकवून टाक. स्केचबुकमध्ये सर्वच पानांवर पेन्सिल असली पाहिजे, असा नियम नाही. गोधडीच्या टाक्यांवर किंवा घोंगडीवर कागद ठेवून खडूने घासलेला ठसाही चालतो आणि शेजारी लिहिलेली टिपणेही चालतात.

दुसरा विषय तुझ्या वडिलांचा कारखाना आहे, आणि त्याबाबतीत तुला वर्गातील कुणाहीपेक्षा अधिक सोय आहे. तिथे जाऊन यंत्राचे सुंदर चित्र काढण्याचा प्रयत्न करू नकोस. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मागाच्या फणीतून जाताना त्यांच्यात पडणारी अंतरे काढ, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची झिजलेली टोके काढ, तुटलेला धागा जोडताना होणारी बोटांची ठेवण काढ. जुन्या पद्धतीचे जॅकार्ड, म्हणजे मागावर नक्षी विणणारे यंत्र, कुठे चालू असेल, तर त्याची छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे पाहा. एक कार्ड म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेक. जिथे छिद्र आहे तिथला ताणा उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो. म्हणजे चादरीवरचा मोर हा मुळात ‘उचल’ आणि ‘उचलू नको’ अशा हजारो आज्ञांचा बनलेला असतो. हे समजल्यावर तुझ्या रेखाटनातही फरक पडेल. समज, कापडात एका इंचात ताण्याचे साठ धागे आणि बाण्याचे चाळीस आहेत. तू साध्या चौकोनी आलेखाच्या कागदावर साठ घरे रुंद आणि साठ घरे उंच असे गोल फूल काढलेस, तर ते कापडावर एक इंच रुंद आणि दीड इंच उंच उतरेल. गोलाचे अंडे होईल. वडिलांना विचार, त्यांच्या मागावर हे प्रमाण किती आहे, आणि त्या प्रमाणाची घरे आखून त्यावर भाकरीचा एक डाग बसवून पाहा. मला खात्री आहे की या एका पानावर तुझ्या मॅडम सर्वांत अधिक वेळ थांबतील.

‘माझा हात चांगला नाही’ या तुझ्या काळजीचे उत्तर यातच आहे. हुबेहूब व्यक्तिचित्र काढता येणे ही कौतुकाची गोष्ट आहे, परंतु वस्त्ररचनेत तिच्याशिवाय काम अडत नाही. इथे नजर प्रमाणाची, अंतराची आणि पुनरावृत्तीची लागते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत हे शिक्षण लहानपणीच मिळालेले असते; ठिपके मोजून मांडणे आणि एका खणातील आकार शेजारच्या खणात जुळवणे यालाच तुमच्या वर्गात ‘रिपीट’ म्हणतात. दर आठ-दहा पानांनंतर एका रेखाटनाची रिपीट करून पाहण्याची सवय लाव. कागदाच्या मधोमध आकार काढ, कागद उभा कापून डावा-उजवा भाग अदलाबदल करून चिकटव, मग आडवा कापून वरचा-खालचा भाग बदल, आणि मध्ये जी रिकामी जागा तयार होईल ती भर. आता कडा चारही बाजूंनी जुळतील. तोच तुकडा शेजारच्या रांगेत अर्ध्या उंचीने खाली सरकवला की ‘हाफ ड्रॉप’ होतो आणि कापडावर आडव्या पट्ट्या दिसण्याचा दोष पुष्कळसा झाकला जातो. रोटरी छपाईत, म्हणजे फिरत्या रुळांनी होणाऱ्या छपाईत, रिपीटची उंची साधारणपणे ६४ सेंटिमीटर किंवा तिचा पूर्ण भाग, म्हणजे ३२ किंवा १६ सेंटिमीटर, अशी धरावी लागते, हेही आत्तापासून लक्षात असू दे.

नोकरीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात गुंतागुंत नाही. छपाईचे स्टुडिओ, घरगुती कापडाचे निर्यातदार आणि गिरण्यांचे डिझाइन विभाग पोर्टफोलिओ, म्हणजे तुझ्या निवडक तयार कामाचा संच, आधी पाहतात. परंतु पोर्टफोलिओतील तयार नक्षी सॉफ्टवेअरच्या मदतीने आज कुणालाही नीटनेटकी करता येते, हे मुलाखत घेणाऱ्यांनाही ठाऊक असते. त्यामुळे ‘हे कशावरून आले?’ असा प्रश्न येतोच. त्या वेळी भाकरीपासून आलेखापर्यंतची पाने उघडून दाखवता आली, तर वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. शंभर पाने मुलाखतीला नेऊ नयेत. एका विषयाची सलग बारा-पंधरा पाने पुरतात.

प्रवासाची हौस असेल, तर मुंबईला परतताना पुण्यात एक दिवस उतर आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथे जुनी वस्त्रे आहेतच, परंतु मी तुला अडकित्ते आणि दिवे पाहायला सांगेन. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील वस्त्रांचे दालनही तुला जवळ आहे. संग्रहालयात एका भेटीत एकच वस्तू काढावी, असे माझे मत आहे. दहा वस्तू काढणाऱ्याच्या वहीत पुन्हा सूचीच तयार होते.

आधीची चाळीस पाने फाडू नकोस. ती तशीच ठेवून एक्केचाळिसाव्या पानावर तारीख घाल आणि तिथून नवीन पद्धतीने सुरू कर. दोन्ही भाग एका वहीत असले की बदल तुला आणि मॅडमना समोरासमोर दिसेल. आणि घरी पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी वडिलांना एक गोष्ट विचारून ठेव. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यापासून जुनी कार्डे कारखान्यांच्या कोपऱ्यात पडून असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात निघतात. त्यातला एखादा जुडगा तुझ्यासाठी बाजूला ठेवायला सांग.