वाचकांचे प्रश्न : टिपरचा जॅक बूममध्ये चालेल का?

प्रश्न : ताई, मकरपुरा जीआयडीसीत आम्हा दोघा भावांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रकवर बसवायच्या २ टनी क्रेनचा तीन भागांचा बूम (लांब होणारा हात) करतोय. आतले दोन्ही भाग ३-३ मीटर बाहेर यायला हवेत. दादा म्हणतो, टिपरचा जॅक बसवून टाक. मला चेन बरी वाटते, पण ती तुटली तर? आणि जॅकचं बोअर (नळीचा आतला व्यास) किती घ्यावं?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : दादांना सांगा, टिपरचा जॅक टिपरलाच शोभतो. तिथे हौदा उठत जातो तसा जॅकवरचा भार उतरत जातो, आणि खाली यायला हौद्याचं वजन पुरतं. त्या जॅकला बहुधा परत ओढायची सोयच नसते. तुमचा बूम आडवा असताना त्याला आत कोण घेणार? शिवाय त्यात एकात एक नळ्या असतात; जाड नळी आधी निघते, मग बारीक. नळी बदलली की तेवढ्याच भाराला दाब एकदम चढतो आणि वेगही वाढतो. हुकाला माल लटकत असताना असा हिसका नको.

तुमची चेनच बरोबर. ३ मीटर स्ट्रोकचा (म्हणजे तेवढा बाहेर येणारा), तेलाने दोन्हीकडे चालणारा एकच जॅक पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये लावा. दुसऱ्या भागाच्या टोकाला पुली. चेनचं एक टोक पहिल्या भागाच्या तोंडाशी बांधायचं, चेन पुलीवरून वळवून मागे आणायची आणि तिसऱ्याच्या बुडाला जोडायची. दुसरा भाग १ मीटर सरकला की तिसरा २ मीटर पुढे जातो. चेन फक्त ओढते, ढकलत नाही. म्हणून आत घ्यायला उलट दिशेची दुसरी चेन लागेलच; तिची पुली दुसऱ्या भागाच्या बुडाशी.

अंतर दुप्पट मिळालं की जॅकवर जोरही दुप्पट येतो. तुमचा बूम ७५ अंशांपर्यंत उभा होतो, तिसरा भाग १५० किलोचा आणि दुसरा २०० किलोचा असं धरते. माल आणि तिसरा भाग मिळून बूमच्या रेषेत सुमारे २,०८० किलो खाली ओढतात. त्याचे दुप्पट ४,१६०. दुसऱ्या भागाचे १९० मिळवा, भाग ज्यांच्यावर सरकतात त्या पॅडच्या घर्षणाला चौथाई वाढवा. जॅकला साधारण ५,४०० किलो ढकलावे लागतील.

तुम्ही बोअर विचारलंत, पण इथे रॉड, म्हणजे जॅकमधून बाहेर येणारा दांडा, आधी ठरतो. ८० मिमी बोअरला हे वजन चौरस सेंटिमीटरला १०८ किलो दाबात उचलतं, कुठलाही साधा पंप ते देईल. मात्र त्या बोअरसोबत ५६ मिमी रॉड घेतलात, तर पूर्ण बाहेर आलेला जॅक सुमारे ६.४ मीटर लांब होतो, आणि तेवढ्या लांबीला तो रॉड अडीच टनांच्या आतच धनुष्यासारखा वाकतो. लांबी दुप्पट झाली की दाबाखालची ताकद चौथाईवर येते, हा ऑयलरचा नियम. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या आपल्या कलाभवनात तो मी फळ्यावर शिकले आणि पुढे आयुष्यभर वापरला. ९० मिमी रॉड १६ टनांपर्यंत तग धरतो, म्हणजे तिप्पट. तेव्हा रॉड ९०, बोअर १२५. बॅरल, म्हणजे जॅकची बाहेरची नळी, रॉडपेक्षा ताठ असतो, बूमच्या आत त्याला आधारही देता येतो, त्यामुळे खरा आकडा याहून चांगला निघेल. पण पहिला हिशेब मी नेहमी नुसत्या रॉडवरच करते.

जॅक उलटा बसवा : रॉड मागे पहिल्या भागाला, बॅरल दुसऱ्याला. तेल पोकळ रॉडमधून द्या, म्हणजे होज (तेलाचे रबरी पाइप) हलत नाहीत.

आणि होल्डिंग व्हॉल्व्ह, म्हणजे जॅकमधलं तेल अडवून धरणारी झडप, जॅकच्या पोर्टवरच (तेलाच्या तोंडावरच), बोल्टने घट्ट. मध्ये एक वीतही होज नको. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या कारखान्यात तो सोयीसाठी लांब, कंट्रोलच्या लिव्हरांपाशी बसवला होता. चाचणीत होज फुटला आणि उभा बूम मालासकट आत कोसळला. खाली जो हेल्पर उभा होता तो मिनिटभर आधी पाणी प्यायला गेला होता. त्या दिवसापासून मी एकाही ड्रॉइंगवर ती जागा न बघता सही केलेली नाही.

चेनची भीती योग्य आहे. शेजारी शेजारी दोन चेन लावा, आणि त्यातली एकटीही सगळा भार पाचपट ताकदीनं पेलेल अशी निवडा. फोर्कलिफ्टच्या मास्टला (उभ्या खांबाला) असते तशी, पट्ट्यांची लीफ चेन घ्या. ती ३ टक्के लांबली की बदलायची. १९.०५ मिमी पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनचे १६ पिच नवे असताना ३०४.८ मिमी भरतात. ३१४ भरले की चेन काढून टाका. तपासायला बूमच्या बाजूला झाकणाची खिडकी आत्ताच कापून ठेवा, नंतर कुणी कापत नाही.

प्रश्न : दुपारभर काम करून बूम तसाच बाहेर ठेवला, तर सकाळी टोक १५-१६ सेंमी आत आलेलं असतं. जॅकचे सील (तेल अडवणाऱ्या रिंगा) दोनदा बदलले. फरक नाही.
– एक क्रेन ऑपरेटर, हालोल रोड

उत्तर : भाऊ, तेल थंड होतंय. दर अंशाला ते सुमारे ०.०७ टक्के आकसतं. संध्याकाळी ७० अंशांवर असलेलं तेल पहाटे ३० वर आलं, तर ३ मीटरच्या स्ट्रोकमध्ये ८ सेंमी कमी होतात, आणि चेनमुळे टोकाला त्याचे दुप्पट. रात्री हुकाला माल ठेवू नका. तिसऱ्यांदा सील काढण्याआधी एक करा : ऊन चढायच्या आत, तेल थंड असताना बूम बाहेर काढा, बूमच्या भागावर खडूची रेघ मारा आणि तासभर बघा. रेघ हलली नाही तर सील ठीक आहेत. हलली, तर आधी होल्डिंग व्हॉल्व्ह उघडून त्याच्या सीटवर (झडप टेकते त्या जागी) कचरा अडकलाय का ते पाहा.