लेकीच्या गाण्यासाठी पीपीएफ मोडू का?

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेब विभागात काम करणाऱ्या वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५५, निवृत्ती ६० व्या वर्षी. घर स्वतःचं, कर्ज नाही. पीपीएफमध्ये १८ लाख, पीएफमध्ये २२ लाख, बँकेत दोन एफडी, मिळून ९ लाखांच्या. घरखर्च महिना ३८ हजार. निवृत्तीनंतर ईपीएसची, म्हणजे नोकरदारांसाठीच्या पेन्शन योजनेची, पेन्शन सहा-सात हजार बसेल. धाकटा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला.

थोरली लेक २३ वर्षांची. पुण्यात राहते, गिटार शिकवते, मराठी आणि इंग्रजीत स्वतःची गाणी लिहून चाल लावून गाते. तिचं एक गाणं नऊ लाख वेळा ऐकलं गेलं. ते पाहून एका म्युझिक कंपनीने करार पुढे केला: दहा गाणी, १२ लाख ॲडव्हान्स. लेकीला सही करायची नाही. तिचं म्हणणं, त्यापेक्षा बाबांनी पीपीएफमधून १५ लाख काढावेत. त्यात घरी स्टुडिओ, पूर्ण अल्बम आणि दोन व्हिडिओ होतील. ती अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचा दाखला देते: "टेलर स्विफ्टच्या आई-बाबांनी तर तिच्यासाठी गाव सोडलं. तुम्हाला फक्त पैसे काढायचेत." वडील विचारतात, "सही करायला लावू, की पैसे काढू? नाही म्हटलं तर पोरगी आयुष्यभर मला दोष देईल का, ही भीती वाटते."

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, करार तीनदा. लेकीच्या दोन्ही गाण्यांच्या लिंक पाठवल्यात, तीही ऐकली. गाणं चांगलं आहे की नाही हे सांगायचा माझा अधिकार नाही, पण ती मनापासून मेहनत करते हे ऐकू येतं. त्यामुळे "हा नाद सोड आणि नोकरी बघ" असं मी सांगणार नाही. पण सही करू नका आणि पीपीएफलाही हात लावू नका. दोन्हींमधून एक तिसरी वाट निघते, त्या वाटेकडे पुढे येते.

आधी टेलर स्विफ्टचं, कारण तुमच्या घरातला वाद तिथे अडकलाय. लेकीने सांगितलं ते खरं आहे, फक्त अर्धं आहे. २००४ मध्ये मुलगी चौदा वर्षांची असताना ते कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून, गाण्याच्या धंद्याचं शहर असलेल्या नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलला राहायला गेलं. पण वडील शेअर ब्रोकर होते, मेरिल लिंचमध्ये. त्यांनी नोकरी सोडली नाही, त्याच कंपनीच्या नॅशव्हिलच्या ऑफिसात बदली घेतली. म्हणजे गाव सुटलं, पण महिन्याचा पगार आणि म्हातारपणाची सोय जागेवर राहिली. पुढे जिथे मुलीने करार केला त्या नव्या रेकॉर्ड कंपनीत वडिलांनी छोटासा वाटाही विकत घेतला. ते पैसे हरवले असते तरी घर चाललं असतं. तुमची लेक तुमच्याकडे मागतेय ते वेगळं आहे. ती तुमच्या साठीनंतरच्या जेवणातला घास मागतेय आणि तिला ते कळत नाहीये, कारण तो आकडा तिच्यासमोर कुणी मांडलेला नाही.

तो मी मांडते. १५ लाख पाच वर्षं पीपीएफमध्येच राहिले आणि व्याज ७.१ टक्के धरलं, तर तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा त्यांचे २१ लाख १३ हजार झालेले असतील. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि दर ८.२ टक्के धरला, तर दर तिमाहीला ४३ हजार रुपये, म्हणजे महिन्याला चौदा हजारांच्या वर. तुमच्या पेन्शनच्या दुप्पट. आजचा ३८ हजारांचा घरखर्च ६ टक्के महागाईने पाच वर्षांत ५१ हजारांच्या घरात जाईल. त्यातले चौदा हजार आज स्टुडिओच्या भिंतींना लावायचे का, हा खरा प्रश्न आहे. हे गणित तिला कागदावर लिहून दाखवा. पोरं आकड्यांना समजूतदार असतात. नकारामागचं कारण दडवलं की बिथरतात.

शिवाय, तुमचं पीपीएफ खातं पंधरा वर्षांनंतर वर्गणी चालू ठेवून वाढवलेलं असेल, तर ती वाढ पाच-पाच वर्षांच्या गटांनी होते, आणि गट सुरू होताना जी शिल्लक होती तिच्या ६० टक्क्यांपर्यंतच त्या गटात काढता येतात. १८ लाखांतून १५ निघणारच नाहीत. पासबुक एकदा बघा.

आता करार. यावर जास्त लिहिते, कारण नुकसान इथे आहे आणि ते डोळ्याला दिसत नाही.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. त्या गाण्याचं विशिष्ट रेकॉर्डिंग ही दुसरी, तिला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. तुमच्याकडच्या भाषेत, शब्द-चाल ही जमीन आणि मास्टर हे त्यावरचं उभं पीक. टेलर स्विफ्टने २००५ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्या नव्या कंपनीशी करार केला आणि पहिल्या सहा अल्बमचं पीक कंपनीच्या नावावर गेलं. २०१९ मध्ये कंपनी विकली गेली, तेव्हा तिची गाणीही नव्या मालकाकडे गेली. २०२० मध्ये त्याने ती पुढे एका गुंतवणूक कंपनीला विकली. सगळ्या जगात तिचं नाव झालेलं, आणि तिच्याच आवाजावर तिची मालकी नाही.

पण जमीन तिने सोडली नव्हती. गाणी तिची स्वतःची, किंवा कुणाबरोबर मिळून लिहिलेली. चौदाव्या वर्षी गीतकार म्हणून तिने वेगळा करार केला होता आणि शाळा सुटली की ती नॅशव्हिलमध्ये जाणत्या गीतकारांसोबत गाणी लिहायला बसायची. शब्द-चालीचा हक्क हातात होता, म्हणून कराराची मुदत संपल्यावर २०२१ पासून तिने जुने अल्बम पहिल्यापासून पुन्हा गायले, त्याच जमिनीत नवं पीक घेतलं. श्रोते नव्या रेकॉर्डिंगकडे वळले. २०२३-२४ च्या तिच्या दौऱ्यात १४९ कार्यक्रम झाले आणि तिकिटांचीच विक्री दोन अब्ज डॉलरच्या वर गेली. मे २०२५ मध्ये तिने जुने मास्टरही विकत घेतले. पंधराव्या वर्षी केलेली सही सोडवायला वीस वर्षं लागली, तीही जगातल्या सगळ्यात मोठ्या गायिकांपैकी एकीला.

आता तुमच्या लेकीच्या करारातलं सातवं कलम काढा. "कायमस्वरूपी, जगभर, आज अस्तित्वात असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी" असं त्यात लिहिलं आहे, आणि यादीत मास्टरबरोबर शब्द आणि चालही आहे. म्हणजे पिकासकट जमीन. हे खंडाने देणं नाही, हे खरेदीखत आहे. अकरावं कलम त्याहून जड: पुढची तीन वर्षं ती जे काही लिहील ते आधी याच कंपनीला दाखवायचं, आणि तेही याच अटींवर. तेवीस ते सव्वीस ही वयं लिहिणाऱ्याला पुन्हा मिळत नाहीत.

बारा लाखांबद्दल तुम्ही लिहिलंय, "एवढी रक्कम मी एकरकमी कधी पाहिली नाही." समजतं मला. पण तुम्ही तर कारखान्यात ऊसतोडणी टोळ्यांना आगाऊ दिलेल्या उचलीचे हिशेब लिहिता. हा ॲडव्हान्स म्हणजे उचलच आहे. तिचा वाटा २० टक्के, आणि त्या वाट्यातून आधी १२ लाख वळते होणार. म्हणजे कंपनीकडे या गाण्यांचे ६० लाख जमा होईपर्यंत तिला पुढचा एक रुपया नाही. नवव्या कलमात व्हिडिओचा खर्चही तिच्याच वाट्यातून वळता करायचा असं आहे. समजा व्हिडिओवर १५ लाख गेले, तर वळते करायचे २७ लाख, आणि त्यासाठी कंपनीकडे एक कोटी ३५ लाख यायला हवेत. नऊ लाख वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याचे वर्षभरात तिच्या हातात किती आले? तुम्हीच लिहिलंय, ३१ हजार. तेव्हा तिने हे १२ लाखच शेवटचे धरावेत, त्यातलाही १० टक्के टीडीएस आधी कापला जाईल. एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने सांगायला हवी. टोळीची उचल अंगावर राहते. इथे गाणी चालली नाहीत तर पैसे परत करावे लागत नाहीत असं तेराव्या कलमात स्पष्ट आहे. ते चांगलं आहे.

कायदाही थोडा तुमच्या बाजूने आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराने हक्क विकले तरी शब्द-चालीच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा निम्मा वाटा त्याचाच राहतो. तो सोडून दिला असं लिहून घेता येत नाही. वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच तो देता येतो. हे सहज मिळालेलं नाही. साठच्या दशकात लताबाई गायकांच्या रॉयल्टीसाठी अडून बसल्या, तेव्हा रफीसाहेबांसारख्या माणसाशी मतभेद होऊन दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं होतं. मला या गोष्टीबद्दल फार वाटतं. इतक्या मोठ्या गायिकेला रॉयल्टी मागावी लागली, आणि तुमच्या लेकीला गीतकार-संगीतकार म्हणून ती आज कायद्याने मिळतेय, तरी ती घेतच नाहीये. कारण शब्द-चालीची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची ती सभासद नाही. तिला आलेले ३१ हजार हे फक्त रेकॉर्डिंगचे, गाणं ऑनलाइन ॲपवर पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून आलेले. गीतकार-संगीतकाराचा हिस्सा वेगळ्या वाटेने येतो. या आठवड्यात तिला अर्ज भरायला सांगा.

मग करायचं काय? तिला आज स्टुडिओ नको आहे, वेळ हवा आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज आलंय, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: "रोज संध्याकाळी चौदा मुलांना गिटार शिकवून ती इतकी दमते की महिन्यात एखादंच गाणं होतं." तिची कमाई २२ हजार, पुण्याचा खर्च २५ हजार. निम्मे विद्यार्थी कमी केले तर कमाई ११ हजार होईल आणि खड्डा १४ हजारांचा. तो तुम्ही भरा. महिना १५ हजार, दोन वर्षं, एकूण ३ लाख ६० हजार. तुमच्या ५ लाखांच्या एफडीतून हे होतं आणि १ लाख ४० हजार उरतात. त्यातून चार गाणी चांगल्या, भाड्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड करावीत आणि कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलांची फी द्यावी. चार लाखांची दुसरी एफडी अडीअडचणीची, तिला हात नाही. आणि धाकट्याच्या नावाने एवढीच रक्कम पुढच्या पगारांतून बाजूला काढायला सुरुवात करा. तो आज काही बोलणार नाही, पण बघतोय.

दोन वर्षं कमी वाटतील. जयपूरचा गायक-गीतकार प्रतीक कुहाड न्यूयॉर्कला गणित आणि अर्थशास्त्र शिकून परत आला, दिल्लीत राहून वर्षानुवर्षं छोट्या-मोठ्या मंचांवर गायला. २०१९ च्या अखेरीस बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं गाणं आलं, २०२० मध्ये एका अमेरिकन कंपनीने त्याच्याशी करार केला. लोकांना ते एका रात्रीत झाल्यासारखं वाटलं. पण करार झाला तेव्हा त्याचे श्रोते आधीच जमलेले होते, म्हणजे समोरच्याला गरज होती. तुमच्या लेकीला दोन वर्षांत हेच साधायचं आहे. ओबामा कुणाच्या हातात नसतात. पण चाळीस गाणी आणि तिकीट काढून येणारे तीनशे लोक, हे तिच्या हातात आहे.

कंपनीशी बोलणं तोडू नका. वकिलांकडून उलट प्रस्ताव पाठवा: दहा नाही, तीन गाणी, खरेदीखत नाही, पाच वर्षांचं लायसन्स, मुदत संपली की मास्टर परत, शब्द-चाल करारात नाहीच, अकरावं कलम काढून टाकायचं. बारा लाखांऐवजी दोन किंवा तीन मिळतील. मिळू द्या. नाही म्हणाले तरी हरकत नाही. मुदत आणि प्रदेश यांचे शब्द मात्र करारात लिहूनच घ्या. कायद्याने मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो, पण त्या भरवशावर राहून भांडत बसण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं.

दोन वर्षांनी काहीच जमलं नाही तर? तिने तेव्हा पुन्हा सात विद्यार्थी घ्यायचे. तिचा शिकवायचा हात चालू राहील, गाणी तिच्याच नावावर असतील, आणि तुमचं पीपीएफ जागेवर असेल. हे बोलणं आत्ताच, शांतपणे, तिच्या आईला बसवून करा, पैसे द्यायला लागायच्या आधी. महिन्याचे पैसे ठरल्या तारखेला तिच्या खात्यात जाऊ द्या. दर वेळी मागायला लावू नका. आई-वडिलांनी मुलीला दिलेल्या पैशांवर तिला कर लागत नाही, तेव्हा ती काळजी नको.

दोष देईल का, असं विचारलंत. माझ्याकडे आलेल्या घरांमध्ये मी मुलांचा राग पाहिला आहे, तो बहुतेक वेळा "तुम्ही मला कधी धड सांगितलंच नाही" याचा असतो. तुम्ही तिला करार, हे आकडे आणि पासबुक, तिन्ही समोर ठेवून सांगणार आहात.

पाच लाखांची एफडी २० तारखेला संपतेय असं लिहिलंय. बँकेत आधीच जाऊन सांगा, नाहीतर ती आपोआप पुन्हा वर्षभरासाठी अडकेल. त्यातले दीड लाख बचत खात्यावर घ्या आणि उरलेल्या साडेतीन लाखांच्या सहा-सहा महिन्यांच्या अंतराने संपणाऱ्या लहान एफडी करा.