होस्टेल सोडून बाहेर खोली घेतली, पण ना खोली आपली वाटते ना अभ्यास होतो. परत होस्टेलला जाऊ का?

तू लिहिलं आहेस ते थोडक्यात असं: पहिलं वर्ष होस्टेलमध्ये गेलं. आता दोन मैत्रिणींबरोबर कॉलेजपासून पाऊण तासावर खोली घेतली आहे. नवं सत्र सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले, पण रात्री झोप येत नाही. लेक्चर संपलं की थेट खोलीवर येऊन आडवी होतेस, भांड्यांवरून धुसफूस सुरू झाली आहे, आणि परत होस्टेलसाठी अर्ज करावा असं मनात येतंय. तू माझ्यापेक्षा बरीच लहान असणार, म्हणून एकेरीत लिहिते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना जवळजवळ हेच भोगलंय. तेव्हा मला वाटलं होतं, जागा वाईट निवडली. जागेत तसं काही वाईट नव्हतं. होस्टेल न मागता जे देत होतं ते बंद झालं होतं, आणि त्याच्या जागी मी काहीच आणलं नव्हतं. माझ्या उत्तराचा सगळा गाभा एवढाच आहे.

झोपेपासून सुरुवात करते, कारण ती गेली की बाकीचं आपोआप जातं. नव्या जागी पहिल्या रात्री नीट झोप न लागणं अगदी स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही, बारीक आवाजालाही ती सावध होते. तीच माणसं काही दिवसांनी पुन्हा तिथे झोपली तेव्हा हा फरक राहिला नव्हता. म्हणजे दहा-बारा दिवसांनंतरही डोळ्याला डोळा लागत नसेल तर त्याचा दोष खोलीच्या नवेपणाला देता येणार नाही. मला संशय तुझ्या दुपारच्या आडवं होण्यावर आहे. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि रात्री झोपेची ओढ त्यातून लागते. संध्याकाळच्या तोंडावर दीड-दोन तास झोपलं की ती ओढ ओसरते. मग रात्री दोनपर्यंत जाग, सकाळचं पहिलं लेक्चर बुडणं, दिवसभर जड डोकं आणि पुन्हा दुपारी अंथरूण. होस्टेलमध्ये असं चक्र सुरू व्हायच्या आत कुणीतरी दार वाजवायचं. आता दार वाजवणारं कुणी नाही.

म्हणून पहिला बदल एकच कर. शेवटचं लेक्चर संपल्यावर खोलीवर जाऊ नकोस. दोन तास ग्रंथालयात बस, रिकाम्या वर्गात बस, कुठेही बस, पण कॉलेजच्या आवारात बस. दोन लेक्चरांच्या मधली मोकळी वेळही तिथेच काढ. खोली एकदा आत ओढून घेते तेव्हा दिवस तिथेच संपतो, हे मी शंभरदा अनुभवलंय. डुलकी घ्यायचीच असेल तर दुपारी लवकर, वीसेक मिनिटांची, गजर लावून.

याचा दुसरा फायदा झोपेपेक्षा मोठा आहे, आणि त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं बांधली होती. तिथे कोणाची कोणाशी मैत्री जमते याचा लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांनी अभ्यास केला, तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वभाव, आवडी वगैरे बाजूला राहिलं. सगळ्यात जास्त फरक पडला तो दारांमधल्या अंतराने. शेजारच्या दाराशी मैत्री सर्वाधिक, एक दार पुढे गेलं की कमी, आणखी पुढे आणखी कमी. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख होती, कारण वर जाणारे-येणारे त्यांच्या दारावरून जायचे. हे वाचलं तेव्हा मला माझं पहिलं वर्ष नव्याने कळलं. मला वाटायचं मी माणसं जोडण्यात चांगली आहे. खरं तर माझी खोली पाण्याच्या कूलरसमोर होती.

बाहेर राहायला आल्यावर तुझा जिना आणि तुझा कूलर दोन्ही गेले. ओळखी आता येता-जाता होणार नाहीत, त्या ठरवून कराव्या लागतील. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलं की जुजबी ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, चांगल्या मैत्रीला ९०च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त. नुसतं शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, फिरणं, एकत्र वेळ घालवणं मोजलं जातं. होस्टेलमध्ये ५० तास पंधरवड्यात होतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तुझ्या आताच्या दिनक्रमात आठवड्याला फार तर दोन तास होत असतील. म्हणून ज्याचा वार आणि वेळ पक्की आहे असं एक काहीतरी धर: खेळ, नाटकाचा गट, वाचनमंडळ, काहीही. ते आवडतं की नाही हा प्रश्न पहिले तीन आठवडे विचारूच नकोस. तीच माणसं दर आठवड्याला त्याच वेळी दिसणं हे तिथलं खरं काम आहे. आणि वर्गातल्या एखादीला लेक्चरनंतरच्या त्या दोन तासांत बरोबर बसायला बोलाव. पहिल्यांदा विचारताना संकोच वाटतो, पण बहुतेक जणी कुणीतरी विचारण्याची वाटच पाहत असतात.

आता पाऊण तासाचा प्रवास. जाऊन-येऊन दीड तास, आठवड्याला साडेसात. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर ११०च्या वर तास. एवढा वेळ डोळ्यांदेखत जातो म्हणून मी फार कुढायचे. पुढे त्यातला परतीचा अर्धा भाग मला अभ्यासासाठी सापडला, तो असा: वही बंद ठेवायची आणि आज पहिल्या लेक्चरला काय झालं ते मनातल्या मनात पहिल्यापासून सांगायचं. अडलं की तिथे अडून राहायचं, थोडं झगडायचं, मगच वही उघडायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला होता. १८८५ मध्ये त्यांनी तो मांडला. पहिल्या तासाभरात सर्वांत जास्त निसटतं, नंतर वेग मंदावत जातो. म्हणून त्याच दिवशी, परतीच्या प्रवासात आठवून बघणं मोक्याचं ठरतं. आणि पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगण्यात जोर जास्त. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा परत वाचायला दिला, दुसरा न बघता लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचलेला उतारा जास्त आठवत होता. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा न बघता लिहिलेला जास्त आठवला. परत वाचताना 'येतंय की मला' असं वाटतं, तिथेच आपण फसतो.

सत्राचं वेळापत्रक एका मोठ्या कागदावर काढून भिंतीवर लाव. सगळ्या विषयांच्या तारखा एकाच कागदावर हव्यात, तरच एकाच आठवड्यात तीन गोष्टी येऊन आदळणार आहेत हे आत्ता दिसेल. आणि ज्या विषयाची भीती वाटते त्याच्या प्राध्यापकांना पहिल्या महिन्यात एकदा भेट, एक खरी शंका घेऊन. नंतर अडचण आली तर जायला अवघड वाटत नाही.

भांड्यांबद्दल. तुला वाटतंय की जास्त तूच करतेस. त्या दोघींनाही आपापल्या जागी अगदी हेच वाटत असणार, आणि तिघीही खोटं बोलत नसाल. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं की घरातल्या कामांत तुमचा वाटा किती. बहुतेक जोडप्यांमध्ये दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्णापेक्षा जास्त भरली. आपण घासलेलं भांडं आपल्याला आठवतं, दुसरीने घासलेलं दिसतच नाही. त्यामुळे 'कोण जास्त करतं' यावर बोलायला बसलात तर भांडणच होईल. कामं वारांनी वाटा आणि कागद स्वयंपाकघरात लावा. 'जिची भांडी तिने घासायची' हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो, पण कढई आणि कुकर कुणाचे यावर तो दुसऱ्याच दिवशी मोडतो. हे बोलणं या आठवड्यात कर. कुरबुर भांड्यांपुरती आहे तोवर ती भांड्यांचीच राहते. महिनाभर साचली की स्वभावावर जाते, आणि तिथून माघारी येणं फार कठीण. माझी एक चांगली मैत्रीण मी अशीच गमावली. आज मागे वळून पाहते तेव्हा मूळ कारण धड आठवतही नाही, इतकं ते लहान होतं.

याच बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरवून टाका: रात्री किती वाजल्यानंतर मुख्य खोलीत आवाज नको, आणि पाहुणे राहायला येणार असतील तर किती आधी सांगायचं.

पैशांचं मी कळकळीने सांगते, कारण इथे मला ठेच लागली आहे. वीजबिल माझ्या एकटीच्या नावावर होतं. एक रूममेट सत्राच्या मध्येच निघून गेली आणि तिचा वाटा मी भरला. खोली सोडताना घरमालकांनी भिंतीवरच्या ओलीच्या डागाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. तो डाग आम्ही आलो तेव्हाही होता, पण आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तुला येऊन दहा दिवसच झाले आहेत. आज संध्याकाळी फोन घेऊन प्रत्येक भिंत, खिडकी, नळ, कपाटाचा आतला भाग यांचा व्हिडिओ काढ, मीटरच्या आकड्याचा फोटो घे आणि घरमालकांना पाठवून दे, म्हणजे तारीख आपोआप राहते. सोबत नम्रपणे दोन ओळी: आम्ही आलो तेव्हाची ही स्थिती आहे, नोंद असावी. आणि भाडेकरार काढून एक वाक्य शोध: भाड्याची जबाबदारी प्रत्येकीची वेगळी आहे की तिघींची मिळून. मिळून असेल तर एक गेल्यावर तिचं भाडं उरलेल्या दोघींच्या अंगावर येऊ शकतं.

मेन स्विच आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते तिघींनी एकदा बघून ठेवा. हीटर, इस्त्री यांसारखी तापणारी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका.

खोली आपली वाटत नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. घरच्या ओढीने माणूस झुरतो याला वैद्यकात नाव मिळालं तेच १६८८ साली, योहानेस होफर नावाच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून. तेव्हा तो आजारच मानला जायचा. तू लेचीपेची आहेस असं कृपा करून समजू नकोस. मला उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा: अभ्यासाची जागा आणि झोपायची जागा मी वेगळी केली. टेबल नव्हतं तेव्हा भिंतीशी चटई आणि बसकं मेज. पलंगावर वही नाही, मेजावर उशी नाही. दोन-तीन आठवड्यांत त्या कोपऱ्यात बसलं की हात आपोआप वहीकडे जाऊ लागला, आणि मला वाटतं त्या कोपऱ्यापासूनच ती खोली माझी व्हायला लागली.

राहिला अर्ज. आजच ठरवू नकोस. कमी झोपेवर घेतलेला निर्णय आहे हा. होस्टेलच्या अर्जाची शेवटची तारीख मात्र उद्याच विचारून घे, ती चुकली तर निवडायला काही उरणार नाही. वर लिहिलेलं तीन-चार आठवडे नेटाने करून बघ आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर स्वतःला विचार: झोप लागते का, सकाळचं लेक्चर गाठता येतं का, आठवड्यातून दोनदा तरी कुणाशी मनापासून बोलणं होतं का. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर खुशाल परत जा, त्यात काही कमीपणा नाही. आणि त्या जागेत असुरक्षित वाटत असेल, कुणाचा त्रास असेल, तर चार आठवडेही थांबू नकोस, आजच घरी आणि कॉलेजमध्ये सांग.

परत जायचं ठरलंच तर आधी करारात नोटीस किती दिवसांची आहे ते बघ, आणि तुझ्या जागी दुसरी मुलगी शोधायची जबाबदारी कुणाची तेही. त्या दोघींना ही गोष्ट तुझ्या तोंडून कळू दे, घरमालकांकडून नको.