शिकलेली भीती पुसता येते का?

‘लहान अल्बर्ट’नंतर माणसाच्या भीतीवरचं संशोधन कुठवर आलंय आणि शिकलेली भीती पुसता येते का, असं तुम्ही विचारलंय. खात्रीने पुसता येते असं आज तरी म्हणवत नाही. ती दबते आणि पुष्कळदा परत डोकं वर काढते.

१९२० साली वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अल्बर्ट नावाच्या अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवताना मागे पोलादी कांबीवर हातोडा मारला. असं सातदा झाल्यावर नुसता उंदीर बघून ते रडू लागलं. एकच मूल, तुलनेला कुणी नाही आणि बाळाची भीती काढायचं राहूनच गेलं. त्यापेक्षा १९२४ मधलं मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांचं काम मला मोलाचं वाटतं: सशाला घाबरणारा छोटा पीटर आवडीचं खात असताना त्यांनी ससा हळूहळू जवळ आणला आणि त्याची भीती घालवली.

हल्ली अशा प्रयोगांत पडद्यावर दोन रंगांचे चौकोन दाखवतात. एकासोबत मधूनमधून मनगटाला शॉक, दुसऱ्यासोबत कधीच नाही. शॉक किती हवा ते सहभागी स्वतः ठरवतो: नकोसा वाटेल, पण दुखणार नाही इतका. बोटांना इलेक्ट्रोड लावून घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता किती बदलते ते मोजतात. पहिल्या दिवशी भीती शिकवायची, दुसऱ्या दिवशी शॉकविना तेच चौकोन दाखवून ती विझवायची, तिसऱ्या दिवशी तपासायचं. तपासणीआधी चौकोनाविना नुसते दोन-चार शॉक दिले, किंवा खोली बदलली, तरी भीती परतू शकते. म्हणजे जुनी आठवण शाबूत असते. तिच्यावर ‘इथे धोका नाही’ ही नवी आठवण बसते, तीही त्या जागेपुरती. म्हणूनच कुत्र्याच्या भीतीवर उपचार करताना एकाच खोलीत एकाच कुत्र्यासोबत सराव करून भागत नाही.

२०१० मध्ये एका गटाने सांगितलं की विझवण्याच्या १० मिनिटं आधी चौकोन एकदा दाखवून आठवण जागी केली तर भीती परतत नाही. फार आशा वाटली होती. पण २०२० मध्ये तोच प्रयोग पुन्हा केल्यावर तसा निकाल आला नाही. मोजमापातच गोम आहे. काहींच्या त्वचेत बदल जेमतेम दिसतो, अशांना वगळतात. पण किती मायक्रोसीमेन्सखाली (हे विद्युतवाहकतेचं एकक) ‘प्रतिसाद नाही’ म्हणायचं, हे प्रत्येक प्रयोगशाळा आपापलं ठरवते. आकडे बघून मग ठरवलं तर निकाल हवा तिकडे झुकतो. वगळण्याचे नियम आधीच नोंदवणं मला नव्या औषधापेक्षा निकडीचं वाटतं.

शिवाय घाम म्हणजे भीती नव्हे. १९९५ च्या एका अभ्यासात अमिग्डाला (मेंदूतला भीतीशी निगडित भाग) निकामी झालेली एक रुग्ण कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो ते बरोबर सांगत होती, पण त्या रंगाला तिची त्वचा प्रतिसाद देत नव्हती. हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी निगडित भाग) गमावलेल्याचं नेमकं उलट. ‘तुम्हाला काय वाटलं?’ हेही न विचारता केलेल्या दाव्यावर म्हणून माझा भरवसा बसत नाही.